शेडातल्या फियाटचा निकाल

थांबा मित्रांनो, मला आधी भराभरा सांगून टाकू द्या. एका जागी उभं राहून बोलणं मला आता जमत नाही. मी एक जुनी फियाट आहे. ‘जुनी’ म्हणालात तर माझी हरकत नाही, पण ‘खटारा’ म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. तो शब्द मी अकरा वर्षं ऐकला आहे. आणि गेल्या उन्हाळ्यात तर मला ठेवायचं की तोडायचं, यावरून एका घरात अशी जुंपली की काही विचारू नका. निकाल लागेपर्यंत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. अंगावर मोतिया रंग, पुढं सोफ्यासारखी एकच लांब सीट आणि गियरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. आजकालची मुलं तो दांडा बघून हसतात. हसू देत. माझे पहिले मालक वाईचे एक डॉक्टर होते. त्यांच्या मुलाला नवी गाडी हवी झाली, तेव्हा त्यांनी मला विकलं, आणि गिऱ्हाईक मिळेना म्हणून स्वस्तात विकलं. ते ‘स्वस्तात’ मला त्या दिवशी फार लागलं. पण ज्यांनी घेतलं ते नाथाजी होते, म्हणून मी राग गिळला.

नाथाजी फौजेत अठरा वर्षं गाड्या चालवून हवालदार म्हणून घरी आलेले. औंधजवळच्या एका गावात त्यांचा ऊस होता. पण उसाआधी ते मला बघायचे. सकाळी सहाला बॉनेट उघडायचं, तेलाची काठी पुसून परत बुडवायची, पाणी बघायचं, चारी चाकांना लाथ मारून हवा अजमावायची. त्यांची बायको चंद्राबाई चहाचा कप घेऊन ताटकळायच्या. “आवं, त्या गाडीला जेवढं पुसलं तेवढं लेकरांना तरी पुसायचं,” असं त्या म्हणायच्या, आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

काय दिवस होते ते! यमाईच्या डोंगराला मी किती वेळा गेले याचा हिशेबच नाही. म्हसवडच्या रथाच्या जत्रेला एकदा माझ्यात अकरा माणसं आणि एक शिधा भरलेलं पोतं होतं. गावातली निम्मी नवरदेव मंडळी माझ्यातूनच वरातीला निघाली. पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात मी एकदा तापून वाफा सोडल्या. तेव्हा नाथाजींची धाकटी शिवांजली रडायला लागली, गाडी मेली म्हणून. नाथाजींनी मला सावलीत उभं केलं, निवू दिलं, पाणी पाजलं आणि पोरीला म्हणाले, “मरतीया कशाला? दमलीया ती.” अर्ध्या तासानं आम्ही वर जाऊन स्ट्रॉबेरी खात होतो. म्हणजे ते खात होते आणि मी वास घेत होते.

मग नाथाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका संध्याकाळी माझं पुढचं चाक कॅनॉलच्या कडेवरून खाली गेलं आणि आम्ही दोघं तिथंच लोंबकळत राहिलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी मला चालवलं नाही. शस्त्रक्रिया झाली, नजर बरीच परतली, धीर मात्र परतला नाही. दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची तर त्यांची तयारीच नव्हती. थोरल्या वीरधवलनं एकदा मागितली, तर “तू क्लच जाळतोस” असं म्हणून त्यांनी विषय तोडला. त्यानं आपली नवी गाडी घेतली. मला पत्र्याच्या शेडात लावलं, आणि मी तिथं अकरा वर्षं उभी राहिले.

उभं राहणं काय असतं, ते मला विचारा. चाकांतली हवा गेली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. मागच्या सीटवर चंद्राबाईंची एक कोंबडी अंडी घालायला यायची आणि माझ्याकडं अशी बघायची, जणू मी तिच्याच घरात घुसले आहे. समोरच्या रस्त्यानं उसाच्या गाड्या, एस्ट्या, शाळेची पोरं, सगळं जग जायचं, आणि मी आपली खिळून उभी असायचे.

एक गोष्ट मात्र नाथाजींनी कधी चुकवली नाही. आमच्याकडं अमावास्येला गाडीची पूजा करतात. नाथाजी दर अमावास्येला पाण्याच्या मोटारीचा पाईप लावून मला आंघोळ घालायचे. मग हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि माझ्यासमोर दगडावर नारळ. करवंटीतलं पाणी ते जमिनीवर सांडू द्यायचे नाहीत. देवीचं तीर्थ म्हणून ते माझ्या पुढच्या काचेवर ओतायचे, भक्तिभावानं, शेवटच्या थेंबापर्यंत. ते काचेखालच्या जाळीतून माझ्या पोटात उतरायचं आणि पायाखालच्या रबरी मॅटखाली जाऊन बसायचं. मला वाटायचं, माझ्याएवढी लाडकी गाडी तालुक्यात नसेल.

गेल्या उन्हाळ्यात वीरधवलनं नवा ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं आणि शेडाचा प्रश्न निघाला.

“आण्णा, भंगारवाला उद्या येतोय,” तो म्हणाला. “खटारा देऊन टाकू. कशाला जागा अडवायची?”

सांगलीहून सुट्टीला आलेली शिवांजली ताडकन उठली. ती आता तासगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होती आणि रोज दोन बस बदलून जायची. “दादा, खटारा कुणाला म्हणतोस? दुरुस्त करू की तिला.”

“कशावर दुरुस्त करतीस? चाकं जमिनीत गेल्यात तिची.”

“तुझं डोकं गेलंय जमिनीत.”

दोन दिवस हेच चाललं होतं. नाथाजी नुसते माझ्याभोवती फेऱ्या मारायचे, पाठीमागं हात बांधून. शेवटी चंद्राबाईंनी तोड काढली. सांगलीत जयपाल नावाचा जुन्या गाड्यांचा मिस्त्री होता. सरळ माणूस, खोटं बोलून काम ओढत नाही, अशी त्याची ख्याती होती. तो म्हणेल ते दोघांनी ऐकायचं ठरलं.

मला उसाच्या ट्रॉलीत चढवून दोरखंडांनी बांधलं. नाथाजी म्हणाले, मीही येतो. वीरधवल आणि शिवांजली ट्रॅक्टरवर होती; त्यांच्याजवळ बसा म्हटलं तर ऐकेनात. ते सरळ माझ्यात येऊन स्टिअरिंगपुढं बसले. विटा मागं पडलं, तासगाव आलं, आणि हे आपले सारा वेळ चाक धरून! ट्रॅक्टर वळला की ते चाक वळवायचे, उतार आला की ब्रेक दाबायचे. लोक बघून हसत होते. मी हसले नाही. अकरा वर्षांनी माझ्यासमोरचा रस्ता हलत होता आणि त्यांचे हात माझ्यावर होते, एवढ्यानंच मला भरून आलं होतं.

पण जसजशी सांगली जवळ येऊ लागली, तसा मला घोर लागला. मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं? मला ठाऊक होतं, त्या मॅटखाली काहीतरी बिघडलं आहे. गेली दोन वर्षं तिथून खालचा वारा लागत होता. वरून मी बरी दिसत होते. मनात म्हटलं, जयपालनं फक्त मॅट उचलू नये, बाकी काय हवं ते बघू दे.

जयपालनं आधी इंजिन बघितलं. प्लग काढून प्रत्येकात दोन थेंब तेल सोडलं आणि हँडल मारून हातानं फिरवलं. ते फिरलं. “काका, इंजिन लय जपलंय तुमी,” तो म्हणाला. नाथाजींची छाती फुगली. वीरधवलचं तोंड उतरलं. शिवांजली तर माझ्या दारावर हात ठेवून उभी होती. मी म्हटलं, झालं, सुटले.

तेवढ्यात जयपालनं दार उघडलं, खाली वाकला आणि मॅट उचलली.

माझ्या पोटातून गॅरेजची जमीन दिसत होती. जयपालनं भोकाच्या कडेला स्क्रूड्रायव्हर टोचला, तो बिस्किटात शिरावा तसा पत्र्यात शिरला. मग तो खाली झोपून आत शिरला, बराच वेळ टकटक करत राहिला आणि हात पुसत बाहेर आला.

“पत्रा तर गेलाच हाय,” तो म्हणाला. “त्याच्याखालची पट्टी बी गेलीया. पुढच्या चाकाचा जोर तिच्यावरच येतो. वरनं पत्रा ठोकून, पुट्टी भरून, रंग मारून देऊ शकतो. महिन्यात नवरीगत दिसंल. पण मग लेकरं बसवू नका हिच्यात. खड्ड्यात चाक गेलं की मोडंल.”

“एवढं गंजलं कशानं?” शिवांजलीनं विचारलं. “शेडात तर होती.”

जयपालनं बोटानं गंज खरवडून बघितला. “पाणी मुरलंय. आणि नुसतं न्हाई, खारट. नारळ फोडता का रं हिच्याफुडं?”

“दर आवसेला,” नाथाजी म्हणाले. “काचंवर ओततो मी पाणी.”

“चालती गाडी असती तर वाऱ्यानं, इंजिनच्या धगीनं वाळलं असतं, काका. उभ्या गाडीत ते बसतंय जाऊन.”

नाथाजी पलीकडच्या टायरांच्या ढिगावर बसले. “म्हंजे मीच मारली व्हय हिला?”

मला ओरडून सांगावंसं वाटलं, नाही हो, तुमच्याइतकी माया कुणी केली नाही! पण माझी बॅटरी कधीच मेली होती, हॉर्नसुद्धा वाजवता येईना. बापाला असं बसलेलं बघून वीरधवलच विरघळला. “आण्णा, असं नका करू. जयपालभाऊ, करा काय ती डागडुजी. आमी शेडाला नवा पत्रा घालतो, पक्की फरशी करतो. दिसाय चांगली झाली म्हंजे बास. कोण चालवणार हाय तिला?”

त्यावर नाथाजी उठले. “शेडात न्यायची असंल तर हितंच तोडा,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांदेखत तोडा.”

माझं काळीज थांबलं. गाडीला काळीज असतं का, हा वाद नंतर घालू.

“आण्णा!” शिवांजली म्हणाली.

“बरोबर बोलतोय मी. हिला फिरवणारं माणूस असंल तरच हिच्या अंगाला हात लावायचा. जयपाल, पुट्टी न्हाई, आतनं कापून नवी पट्टी, नवा पत्रा. हुतंय का?”

“हुतंय. वेळ लागंल. पण चांगली हुईल.”

“मग सांग पोरी. साळंला हिच्यातनं जाशील?”

शिवांजलीला मी हवी होते, पण तिला हवी होती ती घाटातली, स्ट्रॉबेरीच्या वासाची, कधीमधी डोळे भरून बघायची मी. रोज पहाटे उठून या म्हातारीला चालू करायचं, अडली तर रस्त्यात उतरायचं, याचा तिनं विचार केलेला नव्हता. तिच्या कपाळावर ते मला स्पष्ट दिसलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

“रोज?” तिनं विचारलं.

“रोज. पावसात, चिखलात. मी गावाकडं, गाडी तुझ्याकडं. मला बघायची असंल तर मी येईन सांगलीला.”

तिनं वडिलांकडं बघितलं. आपण काय देऊन टाकतो आहोत, हे त्यांना कळत होतं. “रोज जाईन,” ती म्हणाली.

त्यांनी कनवटीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. वीरधवलनं मान वळवली आणि तो उगीचच ट्रॉलीचे दोर गुंडाळायला लागला.

दोन महिने मी जयपालच्या गॅरेजात उघडी पडून होते. कापलं, जोडलं, तापवलं. दुखलं का म्हणाल तर दुखलं, पण शेडातल्यासारखं नाही. नवी पट्टी बसली, नव्या वायरी आल्या, शिवांजलीनं पासिंग करून घेतलं. जयपालनं फोन करून विचारलं, रंग कोणता देऊ? नाथाजींनी पलीकडून सांगितलं, “रंग नगं. गंज धरणार न्हाई एवढा अस्तराचा हात मार, बास. झकपक केली की पोरगी जपाय लागंल.” म्हणून मी आज अशी दिसते, निम्मी मोतिया आणि निम्मी विटकरी. नटण्याची हौस मलाही होती मित्रांनो, चार दिवस मी रुसलेही. मग शाळेच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि रुसायला सवड राहिली नाही.

तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल, आजोबांचं घड्याळ, आईची सायकल, कोपऱ्यात ठेवलेली पेटी. तिच्यावर तुमचा जीव असेल तर एवढं माझं ऐका. तिला हळदकुंकू वाहा, पण मग तिला कामाला लावा. तिला कुठं दुखतं ते झाकू नका, मॅट उचलून बघा. माझ्यासारखी ती बोलू शकेलच असं नाही.

दिवाळीच्या आधी नाथाजी एस्टीनं सांगलीला आले. सकाळची वेळ होती, शिवांजली घाईत स्टिअरिंगपुढं बसली होती, मी चालू होऊन दारात गुरगुरत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याभोवती एक फेरी मारली आणि डाव्या दारापाशी थांबले. तिथं वीतभर लांब ओरखडा होता, पत्र्यापर्यंत गेलेला. पूर्वी माझ्यावर कुणाचं बोट उमटलं तरी ते घर डोक्यावर घ्यायचे. शिवांजलीनं खालचा ओठ चावला.

“आण्णा, ते... उसाच्या बैलगाडीला घासली. वळणावर. परवा.”

नाथाजींनी त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा. मग ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

“म्हंजे चालतीया की गं!” ते म्हणाले, आणि दार उघडून तिच्या शेजारी बसले.