बंपरवरचा लाल रंग

कृष्णेचं पाणी चढायला लागलं, तसं अनंतरावांनी खालच्या मजल्यावरचं सामान वर न्यायला घेतलं. उमा साताऱ्याला लेकीकडे गेली होती. दोघांचंही हे दुसरं लग्न, तेही पन्नाशीनंतरचं; अनंतरावांची पहिली बायको माया वारली होती. सांगलीतलं हे घर उमाच्या दिवंगत पहिल्या नवऱ्याचं, अवधूतचं. त्यामुळे इथली वस्तू हलवताना अनंतराव अजूनही थोडे बिचकत.

जिन्याखालच्या कपाटात त्यांना एक खोकं सापडलं. आत प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायची छोटी मोटार होती, अर्धवट जोडलेली. बॉडी लालभडक, सुरेख रंगवलेली. पण बंपर, पुढची जाळी, चाकांच्या टोप्या, म्हणजे जे चांदीसारखं चमकायला हवं, त्यावरही लाल रंग वेडावाकडा फासलेला.

पाणी गल्लीपर्यंत आलंच नाही. उमा यायच्या आत गाडी नीट करावी, असं अनंतरावांच्या मनात आलं. जन्मभर त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले होते. प्लास्टिकवरचा क्रोमचा चंदेरी मुलामा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो आणि थिनर लावला तर प्लास्टिकच विरघळतं, हे त्यांना माहीत होतं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते स्पिरिट त्यांनी आणलं. बंपरच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पाहिला. रंग सुटला, चमक राहिली. मग कापूसकाडीनं हळूहळू रंग टिपत बसले.

उमा आली तेव्हा टेबलावर बंपर लखलखत होता. तिनं तो पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि सरळ आत गेली.

अनंतराव स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "चुकलं का माझं?"

"शेवटच्या दिवसांत त्यांचा हात थरथरायचा," उमा पाठमोरीच म्हणाली. "बॉडी आधी रंगवून झाली होती. मग आजार वाढला. ब्रश घसरला आणि सगळीकडे रंग लागला. त्या दिवशी लहान मुलासारखे रडले हो."

"मला काय माहीत! मी परत तसाच रंग लावून देतो."

"नको." ती वळली. "त्यांना तो काढायचाच होता. एक टोपी घासून पाहिली, तर चमकच गेली. मग खोकं बंद केलं ते केलंच."

मग उमानं हात पुसले आणि टेबलापाशी येऊन बसली. "मला दाखवा कसं करायचं."

अनंतरावांनी तिच्या हातात जाळी दिली. तिनं कापूस जोरात फिरवला, तसे ते घाईनं म्हणाले, "घासू नका. नुसता टेकवा. रंग भिजू द्या, तो आपणहून येतो."

कापूस गुलाबी झाला, मग लाल. जाळीची एक एक पट्टी उजळू लागली. हात चालता चालता उमा बोलायला लागली. अवधूतला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नव्हतं, तरी रस्त्यावरची प्रत्येक गाडी तो आवाजावरून ओळखायचा; पलूसच्या बाजाराला स्कूटरवरून जाताना मागे बसलेल्या तिला नावं सांगत राहायचा. इतकं सगळं ती अनंतरावांसमोर कधीच बोलली नव्हती. ते नव्या काड्या भिजवून देत राहिले.

शेवटी ती घासली गेलेली टोपी हातात आली. मधोमध पांढरं प्लास्टिक उघडं पडलेलं.

"हिला चंदेरी रंग देऊ?"

उमानं तिच्यावरून अंगठा फिरवला. "असू दे अशीच."

त्यांनी टोपी तशीच चाकावर बसवली. उमा गाडीकडे पाहत राहिली आणि मग एकदम तिनं विचारलं, "मायाताईंना कशाची आवड होती? तुम्ही कधी बोलतच नाही."

अनंतरावांनी बाटलीचं बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"भांडायची," ते म्हणाले. "सकाळी चहा घेताना, पेपरातल्या बातमीवरून. लय भांडायची."

उमाला हसू आलं. तेही हसले, आणि चष्मा काढून डोळे पुसत पुढचं सांगू लागले.