मी मास्तरांची केबल

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे, टेबलामागे धूळ खात लोंबकळणारी. केबलकडे लोकांचं लक्ष जातं ते ती बिघडल्यावरच, आणि तेही शिव्या घालायला. असो. आज मला तोंड फुटलंय, तर ऐकून घ्या.

माझं एक टोक चपटं आहे, ते संगणकात जातं. त्याच्या पोटात नखाएवढी चिप आहे. दुसरं टोक गोल आहे. ते मास्तरांच्या लेकीने स्वतः सोल्डर करून लावलं, आणि बोट भाजून घेतलं. ते टोक हॅम रेडिओत जातं. हॅम रेडिओ म्हणजे लांबलांबच्या माणसांशी हौसेने गप्पा मारायचा रेडिओ.

मास्तर म्हणजे निवृत्त तारमास्तर. तार ठोकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणे. म्हातारपणी तोच हात कापायला लागला, आणि पुढे घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाजही गेला. घरात इतकी माणसं, पण मास्तर भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा लेकीच्या डोक्यात आलं, की बाबांनी एका बोटाने अक्षरं टाइप करावीत, संगणकाने त्यांचे तारेचे ठोके करावेत आणि मी ते रेडिओपर्यंत न्यावेत.

सुरुवातीला काही केल्या जमेना. मी एका पोर्टवर आणि संगणक मला भलत्याच पोर्टवर शोधतोय. मी पुढच्या दाराशी उभी आणि हा मागचं दार उघडून बघतोय, असला प्रकार. ते जुळलं, तर रेडिओ बोलायला लागला की त्याच्या लहरी माझ्यात घुसायच्या आणि मी गुदमरायची. लेकीने माझ्या गळ्यात लहरी अडवणारं एक जड काळं कडं अडकवलं, तेव्हा कुठे मी मोकळा श्वास घेतला. त्या संध्याकाळी मास्तरांनी एकेक अक्षर शोधत विचारलं, "आहेस का रे?"

"आहे, आहे. कुठे मेला होतास इतके दिवस?" पलीकडून टेकडीकर म्हणाला. मास्तर आवाज न करता हसले. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

टेकडीकर हा मास्तरांचा हात आणि आवाज शाबूत होता तेव्हापासूनचा रेडिओवरचा दोस्त. टेकडीवर एकटाच राहायचा, म्हणून हे नाव. तो तोंडाने बोलायचा आणि मास्तर ठोक्यांनी उत्तर द्यायचे. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पत्ताही कधी विचारला नव्हता. रोज भेट होतेच आहे, मग पत्ता कशाला हवा? तेव्हा घरात माझं फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला लेक मला दाखवायची आणि मी फुगून जायची.

मग टेकडीकर आपल्या मुलीकडे राहायला जायला निघाला. तिच्या इमारतीत अँटेना लावू देत नव्हते. "उद्या शेवटचं बोलू," तो म्हणाला. "तुझा पत्ता सांग, सावकाश लिहून घेतो. मग येतोच बघ दारात."

दुसऱ्या दिवशी दुपारी जावई आले. माणूस सोन्यासारखा, पण हात स्वस्थ बसत नाहीत. "बाबा, किती जुनं झालंय हे सगळं. थांबा, नवं करून देतो," म्हणाले आणि संगणक अपडेट करून टाकला. मास्तरांनी मान डोलावली. त्यांना काय ठाऊक?

संध्याकाळी मास्तर नवा शर्ट घालून बसले. टेकडीकराची हाक आली. मास्तरांनी उत्तर टाइप केलं आणि माझ्यातून काहीच गेलं नाही.

जावयांनी मला उपसलं, खुपसलं, दुसऱ्या पोर्टला लावलं. "केबलच गेली," ते म्हणाले. मी गेले नव्हते हो. तेवढ्यात लेकीने पडद्यावरची सूचना वाचली: या केबलमधली चिप अस्सल नाही. अपडेटबरोबर आलेल्या नव्या ड्रायव्हरने, म्हणजे संगणकाला माझी ओळख पटवून देणाऱ्या प्रोग्रामने, मला ओळखच नाकारली होती. मित्रांनो, मी नकली आहे हे मलाही तेव्हाच कळलं. मला रडू आलं असतं, पण केबलला ती सोय नाही.

"इतकी वर्षं चाललीच ना ती?" लेक म्हणाली आणि जुना ड्रायव्हर शोधायला लागली. रेडिओतून आवाज येतच होता. "मास्तर, ऐकतोयस ना?" मास्तरांनी खणातून तारेची जुनी किल्ली, म्हणजे बोटाने दाबून ठोके द्यायचा खटका, काढली आणि तीच रेडिओला जोडून ठोकू लागले. हात थरथरत होता, ठोके एकमेकांवर सांडत होते.

"कोणीतरी मध्येच खडखड करतंय," टेकडीकर म्हणाला. "त्यात तुझं काही ऐकू येत नाही बघ."

मास्तरांनी किल्ली सोडून दिली. टेकडीकर बराच वेळ हाका मारत राहिला. शेवटी म्हणाला, "रागावलास का रे, मी जातोय म्हणून? बरं. जप स्वतःला." मग नुसती खरखर.

जुना ड्रायव्हर बसला, मी चालू झाले. मास्तरांनी लगेच टाइप केलं, "रागावलो नाही. पत्ता लिहून घे." मग घर, गल्ली, गाव. पुन्हा घर, गल्ली, गाव. मी एकही अक्षर गाळलं नाही, पण तिकडचा रेडिओ बंद झाला होता. जावई सासऱ्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून राहिले.

अजूनही मास्तर रोज संध्याकाळी तो पत्ता पाठवतात आणि मी तो नेते. कोणी ऐकतंय की नाही, ते मला कळत नाही.

मित्रांनो, कोणाच्या घरातलं चालतं यंत्र सुधारायला बसाल, तेव्हा आधी त्या माणसाला एवढं विचारा, की आज कोणी तुमची वाट बघणार आहे का? त्या दुपारी मास्तरांना ते कोणी विचारलं नाही, आणि मला विचारता येत नव्हतं.