पाय लागण्याआधी

इंदिरानगरच्या तरणतलावाच्या तळाशी योगिनीनं तांदळाची परात ठेवली होती. परात म्हणजे समुद्रातलं प्रवाळ. पाठीवर हवेची टाकी घेऊन तिच्यापासून वीतभर उंचीवर पाच मिनिटं तरंगायचं, एक दाणा सांडायचा नाही. जमलं तरच मालवणला पाण्यात उतरायचं, हा तिच्या डायव्हिंगच्या वर्गाचा नियम.

सावळीरामकाका दुसऱ्यांदा नापास होऊन वर आले. ओझरला विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. आयुष्यभर आभाळात जाणाऱ्या वस्तू घडवल्या, आता एकदा समुद्राचा तळ बघायचा होता. तरंगणं तर पहिल्याच दिवशी जमलं. पण पायातला फिन, तो रबरी पंख, परातीला निसटता जरी लागला, की काका तिथंच वाकायचे, तांदळाला हात लावून कपाळाला न्यायचे. दाणे पाण्यात उधळायचे.

"काका, पायानं एक दाणा सांडला नव्हता. हातानं सांडले."

"अन्नाला पाय लागला, पोरी. नमस्कार नको करू?"

"नको. गेल्या हिवाळ्यात माझ्याच वर्गातल्या एकानं प्रवाळाला असाच नमस्कार केला. बोटाएवढी फांदी मोडून हातात आली. जिवंत असतं ते काका, तेवढं वाढायला वर्षं जातात. आता शेवटची खेप. नाही जमलं तर मालवणला तुम्ही होडीत बसायचं."

"बसतील की," काठावर पाय सोडून बसलेल्या मैनाकाकू म्हणाल्या, "माशांना टाटा करतील."

काका हसले नाहीत. तेव्हा काकूंचा आवाज उतरला. "अहो, पेरणीला तिफण धरायच्या आधी मामंजी काय करायचे?"

"मातीला हात लावून कपाळाला न्यायचे."

"आधी. पाय पडायच्या आधी. तुम्ही नंतर माफी मागत बसता."

 काका पायरीवर वाकले, ओंजळीतलं पाणी कपाळाला लावलं, हात छातीशी जोडले आणि तसेच खाली गेले. काकू गुणगुणू लागल्या,

सागराच्या पोटी, पोवळ्याचं रान
सख्या, ठेव भान, पावलांचं

तळाशी फिन परातीच्या काठाजवळ आला. काकांची बोटं हलली, पण सुटली नाहीत. त्यांनी सावकाश श्वास भरला आणि देह दोन बोटं वर उचलला गेला. पाच मिनिटांनी योगिनीनं परात वर काढली. रास जशीच्या तशी होती.

मालवणला होडीच्या कडेवरून काकांनी समुद्राचं पाणी कपाळाला लावलं. वर्गातल्या बाकीच्या चौघांनी, कुणी न सांगता, तसंच केलं. योगिनीनं त्या दिवशी नियम पुन्हा सांगितले नाहीत.

खाली प्रवाळाच्या फांद्यांत निळे मासे चरत होते. हात जोडलेले काका त्यांच्यावरून तरंगत पलीकडे गेले. माशांना ते कळलंही नाही.