बासरीच्या आधीचे खण

"थांब," बाई म्हणाल्या. "बासरीच्या आधी अजून दोन खण घाल."

ठमीचं बोट माऊसवर होतं तिथेच थांबलं. पडद्यावर सगळ्या वाद्यांच्या सुरांच्या ओळी, उभ्या रेघांनी खणाखणांत वाटलेल्या, एकीखाली एक पसरल्या होत्या. वर बासरी, तिच्याखाली क्लॅरिनेट, आणि तसं उतरत उतरत अगदी तळाला चेलो. वाजवायला लावलं की त्या सगळ्यांवरून एक हिरवी उभी रेघ सरकत जाई. ती आता पहिल्याच पानावर उभी राहिली.

"पुन्हा सुरुवातीलाच?"

"मग कुठे घालणार? बासरी सुरुवातीला शिरते, तर तिच्या आधीचे खण काय शेवटी येतील?"

"त्यात लिहू काय?"

"काही लिहू नकोस. व्हायोलिनं धरून राहतील आहे तोच सूर. तू घाल तर आधी."

ठमीने घातले. रांगेत पुढे कुणी घुसलं की मागचे सगळे कुरकुरत मागे रेटले जातात, तशा सगळ्या ओळी उजवीकडे सरकल्या. पानाच्या टोकाचा खण पुढच्या पानावर पडला, तिथला त्याच्या पुढच्या. बाई ते डोळे बारीक करून पाहत राहिल्या. त्यांना त्यातलं एकही टिंब वाचता येत नव्हतं, पण सरकणं दिसत होतं. ते त्यांना पुरेसं होतं.

बाईंची शाळा पाटी फुटेपर्यंतच चालली. नवी पाटी कुणी आणली नाही आणि मागून घ्यायचा बाईंचा स्वभाव नव्हता. सूर मात्र त्यांच्या डोक्यात असे जागच्या जागी बसलेले असत, की कुठलं वाद्य कुठे बोलेल नि कुठे तोंड मिटेल, हे त्या भाजी निवडता निवडता सांगत. त्यांनी गायचं आणि समोरच्याने लिहून घ्यायचं, असा घरचा शिरस्ता. आधी ठमीचे वडील शाईने लिहीत. ते गेल्यावर ठमीने हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला ती 'बार' म्हणाली तेव्हा बाईंनी नाक मुरडलं होतं. "बार बाहेर. माझ्या घरात खण म्हणायचं." तेव्हापासून त्यांची ही चाळिशी उलटलेली मुलगी खण म्हणत आली.

लिहून झालं की काम संपलं असं मात्र नसे. सगळ्यांचं सगळं एकत्र असतं तो स्कोअर, आणि तो फक्त वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांच्या पुढ्यात. बाकी प्रत्येकाला ज्याचा त्याचा पार्ट वेगळा काढून द्यावा लागतो. ते काढता काढता ठमीने एकदा सहज समजावून सांगितलं होतं.

"पान कुठे संपवायचं यालाच खरा वेळ जातो, आई. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्याला जिथे विश्रांती असेल तिथेच पान संपलं पाहिजे, नाहीतर उलटणार कशाने?"

"दातांनी."

"हसू नकोस. आता समज, तू शेवटी काही बदललंस, तर शेवटचं पान तेवढं सुधारायचं. पण सुरुवातीला एक खण जरी वाढवलास ना, तर पुढचं सगळं सरकतं. सगळ्यांच्या सगळ्या पानांच्या जागा चुकतात. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक पार्ट घेऊन बसायचं."

"असं होय," बाई म्हणाल्या होत्या, आणि हातातलं लिंबू उगाच दोनदा धुतलं होतं.

त्याच सुमारास मास्तर घरी येऊन गेले होते. दुसऱ्या शहरातला त्यांचा वाद्यवृंद, ही रचना त्यांनीच बाईंकडे मागितलेली. निघताना उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "बाई, हे काम संपलं की ठमीला आमच्याकडे पाठवा. आमचे पार्ट काढायला, सांभाळायला तिच्यासारखं माणूस मिळत नाही. राहायची सोयही करतो." ठमी त्यांच्यामागे चपला शोधून देत होती. ती वर बघेचना, पण तिचे कान लाल झालेले बाईंना दिसले.

"संपू दे की," बाई म्हणाल्या. "मी काय नको म्हणते?"

दिलेला शब्द मोडायची बाईंची रीत नव्हती. म्हणून त्यांनी काम संपू दिलं नाही.

आज दोन खण, परवा एक. कधी वाढवलेले काढायचे आणि चार दिवसांनी परत घालायचे. ठमी एकदाही चिडली नाही. चिडली असती तर बाईंना दोन शब्द सुनवता आले असते. ती नुसती "बरं" म्हणायची आणि पाठ वाकवून बसायची. खोलीला एकच खिडकी, तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दिवसभर कॉम्प्युटरचा पंखा दमेकऱ्यासारखा घुरघुरायचा. यंत्राने वाजवून दाखवलं की व्हायोलिनला सर्दी झाल्यासारखं वाटायचं. त्या सर्दीतूनही बाईंना ऐकू येत होतं की आपण काय करून ठेवलंय. आयुष्यात बांधलेली सगळ्यात चांगली सुरुवात होती ती. बासरी कुणाला तयारी करू न देता आत शिरायची, आणि खोलीतलं वारं बदलायचं. आता व्हायोलिनं तोच सूर धरून ताटकळत बसत. बासरी शेवटी यायची ती, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखी.

आजचे दोन खण घालून झाल्यावर ठमी प्रिंटरची शाई आणायला गेली. फोन टेबलावरच विसरली. तो वाजायला लागला तेव्हा बाईंनी आधी दुर्लक्ष केलं, मग उचलला.

"अगं, तू मला उद्या..."

"ठमी बाहेर गेलीय. मी बोलतेय."

"बाई! तुम्हीच भेटलात, फार बरं झालं." मास्तरांचा आवाज एकदम वर चढला. "तुम्हाला सांगायचंच होतं. कालच्या तालमीत सुरुवात वाजली आणि सगळे गप्प. आमचा ट्रम्पेटवाला कधी कुणाला चांगलं म्हणत नाही, तो म्हणाला, पुन्हा घ्या. ती बासरी! माणूस नीट बसायच्या आत शिरते हो."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"कसली तालीम?"

"तुमचीच की. पार्ट येऊन महिना होत आला. आणि काय नेटके काढलेत पोरीने, पान उलटायला एकाचंही अडत नाही." मास्तर जरा थांबले. "आता ठमीचं तेवढं बघा, बाई. दर वेळी म्हणते, आई सोडत नाही. मी जागा अडवून धरलीय, पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"मी कुणाला बांधून ठेवलेलं नाही," बाई ताठ आवाजात म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या ठमीच्या खुर्चीत बसल्या. एवढ्या वर्षांत तिच्यात कधी बसल्या नव्हत्या. तिथून खिडकीतली भिंत थेट तोंडासमोर येत होती. पडद्यावर सकाळचे दोन रिकामे खण तसेच होते. म्हणजे चांगली सुरुवात केव्हाच बाहेर पडली, सुखरूप पोचली, लोकांनी ऐकलीसुद्धा. आणि इथे मायलेकी रोज सकाळी समोरासमोर बसून हे काय करत होत्या? पोरीने आपल्याला फसवलं म्हणून संताप करावा, तर तोही करता येईना. कारण संताप करायचा तर आधी हे विचारावं लागणार होतं, की दार महिनाभर उघडं होतं, तर तू गेली का नाहीस?

ठमी आली. आईला आपल्या खुर्चीत बघून दारातच थबकली.

"मास्तरांचा फोन होता," बाई म्हणाल्या.

ठमीने शाईचं खोकं टेबलावर ठेवलं. मग उचलून फळीवर ठेवलं. मग फळीवरून काढून पुन्हा टेबलावर.

"काय म्हणाले?"

"बासरी चांगली शिरते म्हणाले."

बाई उठल्या, आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"ये, बस. मी घातलेले सगळे खण काढ."

"सगळे?"

"ऐकू कमी यायला लागलं का? सगळे."

मूळचा स्कोअर त्याच कॉम्प्युटरमध्ये असणार, हे आता बाईंनाही कळत होतं. तो उघडला की झालं. पण ठमीने तो उघडला नाही. ती एकेक खण निवडायची, थांबायची, काढायची. सुपातले तांदूळ निवडताना खडा खरंच खडा आहे ना, असं दोनदा बघावं तसं. ओळी थोड्या थोड्या डावीकडे सरकत राहिल्या. बाईंनी घाई केली नाही.

शेवटचा निघाल्यावर बाई म्हणाल्या, "वाजव."

हिरवी रेघ निघाली. व्हायोलिनं लागली आणि ती लागतायत न लागतायत तोच बासरी आत शिरली. यंत्राची का होईना, पण वेळेवर. बाईंनी डोळे मिटून पूर्ण पान ऐकलं.

"संपलं," त्या म्हणाल्या. "आता यात काही नाही करायचं."

"हो," ठमी म्हणाली.

तिने सॉफ्टवेअर बंद केलं नाही. हिरवी रेघ परत पहिल्या खणात नेऊन ठेवली. पदराशी चाळा करावा तसा माऊस इकडून तिकडे हलवत राहिली.

"आई."

"काय गं?"

"बासरी जरा लवकर शिरते असं नाही वाटत तुला?" ती पडद्याकडेच बघत होती. "म्हणजे, तिच्या आधी दोन खण घालून बघायचे का?"

बाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. कानामागचे केस पांढरे झालेले होते. ते कधी झाले, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. जिभेवर उत्तरं नेहमीसारखीच हजर होती, एकाहून एक तिखट. त्यातलं एकही त्यांनी उचललं नाही.

"नाही वाटत," त्या म्हणाल्या.

"एकच घालू. ऐकून तर बघ."

"ठमे, नाही."

त्यांनी टेबलावरचा फोन ओढून घेतला. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, पण शेवटचा आलेला फोन परत कसा लावायचा, हे पोरीनेच शिकवलेलं होतं. घंटी वाजू लागली. ठमीने एकदा आईकडे पाहिलं आणि पटकन पडद्यावर नजर नेली.

पलीकडून मास्तर "हॅलो" म्हणाले. बाईंनी हात लांब करून फोन लेकीपुढे धरला.

"हॅलो? कोण, ठमी का?"

ठमीचा हात माऊसवरच होता. बाईंचा खांदा ठणकायला लागला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.