विकलेली बिलं

संध्याताईच्या शेडसमोर पत्र्याची गाडी लागली की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? वाळूजला आमच्या दोघांच्या शेडची भिंत एक. दोघंही एकाच कंपनीला पत्रा वाकवून ब्रॅकेट करून देतो. कंपनी दोघांनाही तीन महिन्यांनी पैसे देते. मग ही पडेगावहून स्कुटीवर येणारी बाई रोखीनं पत्रा घेते कशी, अन् मी पत्रेवाल्याचा फोन उचलायला का भितो?

चहाच्या टपरीवर कळलं. बाई बिलं विकते! माल पोचला की बिल फायनान्सवाल्याला. तो थोडं कापून बाकीचे पैसे दोन-चार दिवसांत देतो. कंपनीची वाट बघत बसायचं ते त्यानं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बिल विकायचं म्हणजे घरातली भांडी विकायची! म्हटलं, हिचं दिवाळं निघालं.

कंपनीची एक मोठी ऑर्डर निघाली होती; ती तिला द्यायची की मला, हे ठरायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला अन् थेट कंपनीत गेलो, खरेदीच्या अतुलसाहेबांकडं.

"साहेब, सांगू नये, पण ती तुमची बिलं बाजारात विकती. लई वाईट हालत हाय तिची."

साहेब हसले. "विकते ना. आम्हीच बिल मान्य करतो, त्याशिवाय फायनान्सवाला हात लावत नाही. तुमचं सांगा गोकुळराव, या ऑर्डरीला पत्रा कशावर आणणार?"

"तुमचं मागचं बिल आलं की..."

"त्याला अजून दोन महिने आहेत. मग माल कधी देणार?"

ऑर्डर तिला गेली. माझ्याच तोंडानं गेली, म्हणून जास्त जिव्हारी लागलं.

आठवड्यानं तीच दारात. "गोकुळभाऊ, माझ्याच्यानं एवढं उरकत नाय. वाकवायचं काम तुम्ही घ्या. पत्रा माझा, मजुरी शनिवारच्या शनिवारी. अन् तुमची बिलंबी देत जा की त्या फायनान्सवाल्याला."

शेवटचं मी ऐकलंच नाय असं केलं. काम मात्र घेतलं. न घेऊन करतो काय?

या महिन्यात माझ्या कामगारांचा पगार वेळेवर झाला. नोटा खिशात घालत सगळे खूश.

"संध्याताई लई भारी बाई हाय," एकजण म्हणाला.

"अरे, पगार मी देतो!" मी ओरडलो.

"व्हय की," ते म्हणाले अन् पगार झाल्याचं ताईला सांगायला पलीकडं गेले.