माझी दसऱ्याची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुना, वजनदार आणि थोडासा घमेंडखोर ॲम्प्लिफायर आहे. घमेंड का नसावी? चव्वेचाळीस वर्षांत मी एकदाही ऐनवेळी दगा दिला नाही.

माझा जन्म अकोल्यातल्या एका बोळात झाला. सहदेव मिस्त्रींनी माझा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हातांनी गुंडाळला, काचेचे व्हॉल्व्ह बसवले आणि बजावले, "चालू केल्यावर मिनिटभर थांबा. घाई केली तर बोलनार नाई हा." दर्यापूरजवळच्या एका गावातल्या भजनी मंडळाने मला नेले आणि त्यांचे गायक नत्थुजी यांच्या घरी ठेवले. नत्थुजी झेंडू आणि वांगी पिकवत. त्यांचा गळा काही फार गोड नव्हता. किंचित घोगरा, ओळीच्या शेवटी थरथरणारा. पण जसा होता तसाच मी तो गावभर पोचवत असे. बढाई मारतो आहे खरी, पण ती खोटी नाही.

कार्तिकात काकड आरतीला मी रोज मंदिरात जात असे. सहा वर्षांपूर्वी नत्थुजींच्या पत्नी पार्वताबाई यांना लकवा झाला आणि त्या खाटेला खिळल्या. मंदिर तीन गल्ल्या दूर. त्या पडल्यापडल्या भोंग्यातला आवाज ऐकत. घरी आल्यावर नत्थुजी चपला काढायच्या आधीच विचारत, "आयकू आलं काय?"

"आलं. दुसऱ्या कडव्यात दम तुटला तुमचा."

मग दोघेही हसत. त्या हसण्यात माझाही वाटा आहे, याचे मला फार सुख होते.

गेल्या दसऱ्याला नत्थुजी झेंडू विकायला दर्यापूरच्या बाजारात बसले होते. दरवर्षी ते मला कोरड्या फडक्याने पुसत. या वेळी पूजेची तयारी त्यांच्या मुलाने, श्यामने केली. त्याने ट्रॅक्टर धुतला, फवारणीचा पंप धुतला आणि त्याच पाइपाने मलाही धुतले. मायेनेच हो! तासभर उन्हात ठेवले, हळदकुंकू वाहिले, हार घातला.

"मशीन कशी चमकून रायली पाय!" तो आपल्या मुलीला, प्रणालीला म्हणाला.

पूजा झाली की अवजार चालवून पाहायचे, अशी त्या घराची रीत. श्यामने बटन दाबले. पाणी आत तारांपर्यंत मुरले होते. जळका वास सुटला आणि मी गप्प झालो.

श्याम मला घेऊन अकोल्याला धावला. सहदेव मिस्त्री केव्हाच वारले होते. दुसऱ्या दुकानदाराने मान हलवली, "असा ट्रान्सफॉर्मर आता कोनी गुंडाळत नाई, भाऊ." मंडळाने नवी मशीन आणली. मला पार्वताबाईंच्या खाटेखाली सरकवले, म्हणून पुढचे सारे मला ऐकावे लागले.

काकड आरती सुरू झाली. भोंग्यातून धमधम, फाटका आवाज आला. पार्वताबाईंनी विचारले, "हे कोन गाऊन रायलं? तुहा आजा नाई गेला काय?"

"तेच हायत, आजी," प्रणाली म्हणाली.

"मले नोको सांगू. त्यायचा आवाज मी वळखत नाई काय?"

नत्थुजी परत आले. "आयकू आलं काय?"

"तुमी गेलेच नाई," पार्वताबाई म्हणाल्या. "माह्यासाठी गायाचा कंटाळा आला आता तुमाले."

नत्थुजींनी देवाची शपथ घेतली, नव्या मशीनचे सांगून पाहिले. पार्वताबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी नत्थुजींनी प्रश्न विचारला, तेव्हा उत्तर द्यायला पार्वताबाई उरल्या नव्हत्या.

नत्थुजी आता मंदिरात गात नाहीत. श्याम कधीतरी माझ्यावरची धूळ पुसतो, कोरड्या फडक्याने. त्याच्यावर मला रागावता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण हात लावण्याआधी, ज्यांनी त्या वर्षानुवर्षे सांभाळल्या त्यांना एकदा विचारा. नत्थुजी बाजारातून येईपर्यंत श्याम थांबला असता, तर पार्वताबाई गेल्याच असत्या कदाचित. पण रुसून गेल्या नसत्या.