लेकीवाचून पाऊसपाणी

मी काही गरीब गाय न्हाई, हे आधीच सांगते. पालमच्या बाजारात भाजीवाल्या मला लांबून बघितलं की एकमेकींना म्हणतात, "आली गं उमादेवी, काटा नीट धरा." अशा बाईला तिच्या पोटच्या पोरानं फसवलं. लोकं म्हणतात, आई होऊन लेकाबद्दल असं कसं बोलता? बोलते. का बोलू नये?

आमचं खत-बियाण्याचं दुकान हाय. माझे मालक भीमाशंकरअप्पा, त्यांच्या हातचं. नवीन वर्ष लागलं की कंपन्यांची माणसं डायऱ्या आणून द्यायची, वर कापसाचं नाहीतर तुरीचं चित्र. अप्पा त्या गिऱ्हाइकांना वाटायचे आणि एक माझ्यासाठी घरी आणायचे. मी सातवी शिकलेली. पयल्या पानावर 'ॐ नमः शिवाय' लिहायचं आणि मग रोज दोन-चार ओळी. आज वारं उलटं फिरलं. पळसाला कळी आली. करडईवर मावा पडला. विहिरीचं पाणी खालच्या पायरीला गेलं. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे आमच्या फळीवरची भांडी वाजली, ते बी लिहिलं. गल्लीत पयला फोन कुणाकडं आला, गारांनी ज्वारी कधी झोपली, चिमण्या कधीपासनं दिसंनात, सगळं. अप्पा हसायचे, "काय गं, कलेक्टरला पाठवायचंय का?" मी म्हणायची, "तुमी तुमचं दुकान सांभाळा."

मग रंजू गेली. माझी धाकटी, शिवरंजनी. परभणीला शेतकीच्या कॉलेजात शिकायलती, तिथल्याच एका पोराशी लगीन लावून मोकळी झाली. पोरगं कष्टाळू, पण जात दुसरी. अप्पांचं डोकंच फिरलं. त्यांनी पिंडीवरचा बेल उचलून माझ्या हातात ठेवला. म्हणले, "शपथ घे. तिचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई आणि तिच्या दारात पाय ठेवायचा न्हाई." घेतली. बेल उचलून दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत न्हाई, मोडला तर लेकराबाळांवर येतं म्हणतात. माझा थोरला, शंभुराज, तिथंच उभा व्हता. त्यानं एक शब्द काढला न्हाई.

पण मी बी उमादेवी. शपथ तोंडाची व्हती, पायाची व्हती, हाताची कुठं व्हती? त्या दिवसापासनं डायरीत पावसापाण्याच्या खाली रोज रंजू. 'आभाळ गच्च. रंजूचे पत्रे गळत असतील का.' 'आंब्याला मोहोर दाट. रंजूला कैरीवर तिखटमीठ लागायचं.' ती नवऱ्यासंगं पिंगळीला राहायला गेली. आमची कमलबाई बांगड्या भरायला त्या बाजूला फिरायची, ती येऊन सांगायची आणि मी लिहायची. रंजूला पोरगी झाली हे बी तिनंच त्याच सांजेला येऊन सांगितलं, मागनं आरोही नाव ठेवलं ते बी. पोरगी झाली त्या रात्री मी पान भरून लिहिलं, रडून रडून शाई फुटली. आता पिंगळी म्हणजे काय परमुलूख हाय का? एसटीत बसलं की आलं. पण मी गेले न्हाई. अप्पा वारले, तरी गेले न्हाई. जित्या माणसाशी भांडून शब्द परत घेता येतो. मेलेल्याला कुठं गाठायचं?

औंदा विद्यापीठातल्या एक मॅडम दुकानात आल्या. शंभूनं फुशारकीनं माझ्या डायऱ्या दाखवल्या. मॅडम बघतच राहिल्या. म्हणल्या, "बाईच्या हातानं लिहिलेलं इतक्या वर्षांचं ऋतुमान कुठं मिळतं? हे छापा." झालं. शंभू रात्रंदिवस पुस्तक पुस्तक करायला लागला. मी त्याला समोर बसवलं.

"छापायचं तर सगळं छापायचं. एक ओळ गाळायची न्हाई. कशाबद्दल म्हणायले, कळलं का?"

त्यानं मान खाली घातली. "कळलं, आई. तुझ्या गळ्याची आण."

मला वाटलं, उशिरा का होईना, पोराला बहिणीची माया आली. डायऱ्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा मी त्याच्या हवाली केला आणि साजूक तुपातला शिरा करून त्याला खाऊ घातला. शिरा कसला, माती घालायला पायजे व्हती तोंडात!

कमलबाईला म्हणलं, "तिला जाऊन सांग. रोज लिहिलंय म्हणावं. पुस्तकात पानापानावर तू हायस म्हणावं."

कमलबाई आठवड्यानं परत आली. "हातातलं काम टाकून आली गं," म्हणाली. "मग विचारली, खरंच रोज? मी म्हणलं, हौ. तर म्हणाली, येते मी परभणीला पुस्तकाच्या प्रकाशनाला. आईनं लिहिलेलं खरं निघालं तर आरोहीला घेऊन पालमला येईन." ते ऐकून माझ्या अंगात चार बायांचं बळ आलं. नातीसाठी परकरपोलक्याचं कापड आणून ठेवलं. पुस्तक कसं छापायलाय हे बघायला मागितलं, तर शंभू म्हणायचा, "तुझं आत्ताच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्याला ताण नको." लेकाला काळजी म्हणून मला उलट बरं वाटलं. अशी ही शहाणी उमादेवी.

कार्यक्रम थाटात झाला. परभणीला हॉल घेतलेला, फेटे, शाल-नारळ, पावसावर लांबलचक भाषणं. मला स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. माझं ध्यान कशात न्हाई, नजर दारावर. आणि आली! माझी रंजू आली, शेवटच्या रांगेत कडेला बसली. वाळलीय, कानाजवळ केस पांढरे झालेत. एकटीच व्हती. आधी बघू, मग लेकराला आणू, असा हिशोब असणार. माझीच लेक ती. मला तिथूनच उडी मारून जावं वाटलं.

पुस्तकं वाटली. खाली रंजूनं घेतलं आणि मांडीवर ठेवून पानं उलटायला लागली. वर मी बी उघडलं. नवा चष्मा व्हता, लख्ख दिसायलं. आधी आरोही जन्मली तो दिवस काढला. तिथं छापलेलं, 'दिवसभर भुरभुर. मुगाच्या शेंगा काळ्या पडल्या.' आणि खाली लगेच दुसरा दिवस. मला वाटलं, पान चुकलं. मागं गेले, पुढं गेले. आंब्याचा मोहोर हाय, कैरी न्हाई. आभाळ गच्च हाय, पत्रे न्हाईत. सगळ्या पुस्तकात रंजू नावाचं अक्षर न्हाई. खाली बघितलं तर तिची बोटं बी भराभर पानं उलटायलती.

शंभू शेजारीच व्हता, फेटा बांधून. मी त्याच्या कानाशी लागले. बेल बी आठवला न्हाई आणि अप्पा बी. "शंभू, रंजू कुठाय ह्यात?"

तो हसत हसत, लोकांकडं बघतच बोलला. "आई, माझ्या पोरीला, भक्तीला बघायला पाव्हणे यायलेत. घरात लगीन काढायचं आणि असलं छापायचं का? सोयरिकीला कुणी उभं राहील का आपल्या दारात?"

"तू आण घेतलीस, मेल्या!"

"हळू बोल. लोकं बघायलेत."

"माझ्या डायऱ्या कुठायत? आत्ताच्या आत्ता आण. दाखवू दे तिला."

"गंगेत सोडल्या," तो म्हणला. "गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर जाऊन, हळदकुंकू वाहून. पयल्या पानावर नमः शिवाय व्हतं, रद्दीत कशा घालायच्या? देवाचं नाव पायदळी जाऊ नये, हे तूच शिकवलंस की."

आणि हे सांगताना त्याच्या तोंडावर असं समाधान, जसं काही तीर्थ करून आला. बापाचं ऐकून गप उभा राहिला तवा तो पोरगा व्हता, त्याला माफ केलं. आता काय म्हणू? नऊ महिने ज्याला पोटात वागवलं त्यानं त्याच्या बहिणीला माझ्या हातून दुसऱ्यांदा घालवलं, आणि वर हळदकुंकू वाहिलं.

तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं. मी उठले, ते माईककडं न्हाई, सरळ पायऱ्या उतरून मागं. सगळे माना वळवून बघायले. शंभू माईकवरनं बोलला, "आईला भरून आलंय," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मी दारात पोचले तवर रंजू चप्पल पायात सरकवायलती.

"रंजू!" मी म्हणलं. इतक्या वर्सांत तिला तोंडानं मारलेली पयली हाक. "रंजू, थांब. रोज लिहिलं व्हतं गं तुझं. तुझ्या भावानं गाळलं. डायऱ्या बी गंगेत बुडवल्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी भांडून घेतलं असतं. तिनं तेच पान काढलं, मुगाच्या शेंगांचं, आणि माझ्यापुढं धरलं.

"आरोही झाली त्या दिवशीचं हाय हे. ह्याच्या पुढं काय लिहिलं व्हतंस?"

"पान भरून लिहिलं व्हतं."

"काय लिहिलं व्हतंस, आई? एक ओळ सांग."

मी आठवायला गेले. काही म्हणून आठवंना. शाई फुटली व्हती ते आठवलं, पदर ओला झाला ते आठवलं, ओळ एक बी न्हाई. कागदावर हाय म्हणून मी ती डोक्यात ठेवलीच नव्हती. रंजू वाट बघत उभी. तिचे डोळे भरायले व्हते, तिला खरंच ऐकायचं व्हतं. मी घाबरले. जन्मात कुणाला न भिणारी मी, लेकीपुढं घाबरले आणि तोंडाला आलं ते बोलले.

"लिहिलं व्हतं की... नाक तुझ्यावाणी हाय लेकराचं. हुबेहूब तूच."

रंजूनं पुस्तक मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

"आई," ती म्हणली, "तू तिला अजून बघितलंच न्हाईस."

मी "अगं, ऐक" म्हणेस्तोवर ती रस्त्यावर गेली बी. रिक्षा थांबली, ती बसली. मी इतकी वर्सं तिला रोज खरं लिहिलं, ते माझ्या लेकानं बुडवलं. आणि मी एकदाच खोटं बोलले, तेवढंच घेऊन ती पिंगळीला गेली.